पाठकोरी वही

त्या वर्षी आमच्या घरात रांगोळी बंद होती. चार वर्षांची माझी लेक तापाने गेली आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सांगून टाकलं, "वर्सभर उंबऱ्यावर चिमूट पडायची न्हाई." लहान लेकराचं एवढं पाळत नाहीत, असं शेजारणी म्हणाल्या. पण आत्याबाईंपुढे बोलणार कोण? पिंपरीत नवा कारखाना निघाला म्हणून साताऱ्याकडून येऊन आम्हाला दोनच वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात हे.

सकाळी सडा टाकला की माझी बोटं नुसती वळवळायची. लेक असताना ती शेजारी बसून ठिपके मोजायची, तेही चुकीचे. आमचे मालक, लेकीचे वडील, कारखान्यातून वाया गेलेली लेबलं आणायचे, चूल पेटवायला. पाठकोरी. त्यांतली बरीचशी मी सुईदोऱ्याने शिवली आणि दुपारी, आत्याबाई पडल्या की, पेन्सिल घेऊन बसू लागले. आधी नुसते ठिपके. मग तिचा पाय. मग बटण तुटलेला झगा, त्याला कुंकवाचा रंग. हळद, कपड्यांची नीळ, सगळं घरातलंच. रडू यायचं, पण पान भरलं की घास घशाखाली उतरायचा. खरं सांगते, ती वही नसती तर मी विहीरच जवळ केली असती.

शेवटी तिचा चेहरा काढला. फोटो काढलाच नव्हता; पुढच्या दिवाळीला काढू म्हणत राहिलो. चार दिवस खोडत खोडत एकदाची ती हसली, गालावर खळी आली.

एक दिवस धुणं वाळत घालून आत येते तो काय, वही आत्याबाईंच्या हातात!

"अगं, हे..." एवढंच त्या म्हणाल्या.

मी मुळातच तापट, त्यात इतक्या महिन्यांचं साचलेलं. "कुंकू वापरलं म्हणून बोलणार ना? रांगोळी बंद, आता हेही बंद! घ्या, झालं तुमच्या मनासारखं!" म्हणत वही हिसकावली आणि पाण्याच्या पेटत्या बंबात कोंबली. आत्याबाईंनी आत हात घातला. बोटं भाजली, हाती काहीच लागलं नाही. कुंकू जळू नये म्हणून धावल्या, असं मला वाटलं. आणि मला मेलीला बरंही वाटलं.

वर्ष सरलं. आत्याबाईंनीच रांगोळीचा डबा आणून माझ्या पुढ्यात ठेवला, वर एक पाठकोरं लेबल.

"आधी तिचं तोंड काढ की गं, पुन्यांदा."

मी पेन्सिल घेतली. कपाळ जमलं, डोळे जमले. डाव्या गालावर खळी काढली.

"उजव्या," आत्याबाई म्हणाल्या.

"डाव्याच. मी आई आहे तिची."

"न्हाई गं बाई. तू वहीत उजव्या गालावर काढली व्हतीस. तू पाण्याला गेलीस की मी रोज बघत व्हते."

मी डोळे मिटले. दोन्ही गाल दिसले. खळी कुठेच दिसेना.