काकीची किमची

जगातला एखादा चवदार पदार्थ लालबागच्या बाहेर जन्माला आला असेल, यावर आमच्या शेजारच्या काकींचा अजिबात विश्वास नाही. पिझ्झा पहिल्यांदा पाहिला तेव्हा "घावन करपवून वर भाजी सांडली" एवढाच शेरा त्यांनी मारला. मोमो म्हणजे तिखट मोदक, तोही पारी जाड झालेला. इटली, चीन, जपान ही सगळी मंडळी कधी ना कधी आपल्या खानावळीत जेवून गेली असावीत आणि घरी जाऊन चुकतमाकत नक्कल करत असावीत, अशी त्यांची पक्की समजूत आहे. खरं सांगायचं तर हल्ली मलाही ती पटू लागली आहे.

खानावळ म्हणजे त्यांचीच चाळीतली खोली. बायकामुलं कोकणात ठेवून गिरणीत आलेले गडी पाळी सुटली की तिथे जेवायला यायचे. खानावळीला पाटी नव्हती की नाव नव्हतं. "चल, काकीची," एवढं कुणी म्हटलं की पाय आपोआप वळायचे. जिन्यावर पावलं वाजली की काकी टोपावरची नजर न हलवता ओरडायच्या, "किती जण?" कोण आलंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. आला तो जेवणारच, हे ठरलेलं. मग गिरण्यांचा संप आला. आमटीत मासळीच्या जागी कोबी आला, कोबीला चव यावी म्हणून मूठभर सुकट आली, पण अर्धपोटी कुणी उठलं नाही. गडी एकेक करून गावी गेले. एका दुपारी मोठा टोप भरून आमटी तयार होती आणि जिन्यावर पाऊलच वाजलं नाही. तो टोप घासूनपुसून माळ्यावर गेला, आणि दारात कुणी आलं की काकी चारचौघांसारखं "कोण?" असं विचारू लागल्या.

संपानेही न हरलेल्या या बाईला हरवलं ते तिच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीने. ही पोरगी दिवसभर कोरियन मालिका बघते आणि त्यातलं ते लालभडक नूडल्सचं सूप मोबाइलवरून मागवते. एकदा तिने "आजी, तुझं रोज तेच तेच" म्हणून भरलं ताट बाजूला सारलं. काकी माझ्याकडे येऊन बसल्या. "माझ्या हातचा जेवाण नको म्हणता ती," एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र पदर खोचलेला होता. मला साक्षीदार म्हणून बोलावणं आलं.

"काय म्हणतत ह्येका?" मोबाइलवरच्या त्या सुपातल्या लाल कोबीवर बोट ठेवत काकींनी नातीला विचारलं.

"किमची."

"ही किम कोण गो? तिची खानावळ खंय होती?"

शेवटी 'ची' आलं की वस्तू कुणाची तरी असणारच, हे काकींचं व्याकरण. किम नावाची कुणी बाई नाही, हा आंबवलेला कोबी आहे आणि तो आंबायला वेळ लागतो, असं नातीने समजावून पाहिलं. "पाळी सुटलेलो माणूस थांबतलो काय?" काकींनी विषय संपवला. नातीने मागवलेलं परदेशी तिखट हुंगून बाजूला ठेवलं आणि मिरची गल्लीत स्वतः उभं राहून कुटून आणलेलं ब्याडगीचं तिखट काढलं. कोबी मिठात चोळून ठेवला, पाणी सुटल्यावर पिळला. त्याला लसूण, आलं, तिखट, भाजून कुटलेली सुकट लावली आणि आंबवण्याचं काम कोकमाच्या आगळावर सोपवलं. मग तो तेलात परतून वर पाणी ओतलं, उकळीत नूडल्स सोडले. "शिरवाळेच ते, नारळाचो रस तेवढो विसारले," असं म्हणत नूडल्सना कोकणातल्या तांदळाच्या शेवयांत जमा केलं आणि वर अंडं फोडलं. नात दोन काड्या घेऊन बसली. "जेवताना तरी काड्या करू नको," काकी म्हणाल्या आणि आमच्याकडे पाठ करून पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागल्या.

मी पहिला घोट घेतला आणि थांबलो. संपातली आमटी होती ती! तंगीच्या दिवसांत या बाईने जे शोधून काढलं, त्यासाठी आता पोरी मोबाइलवर रांगा लावतात. माझी छाती अशी फुगली, की जणू मीच चूल फुंकली होती. नातीच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आजी, अजून आहे?"

ओटा पुसणारा हात थांबला. "किमची नव्हे ही," मी नातीला म्हटलं, "काकीची."

पोरीने ते नाव उचललं आणि कॉलेजभर केलं. पुढच्या शनिवारी मी काकींकडे बसलो होतो. जिन्यावर धडधड पावलं वाजली. शेगडीपाशी उभ्या काकी मान न वळवता ओरडल्या,

"किती जण?"

इतक्या वर्षांनी तोच प्रश्न! "सहा जणी, आजी!" खालून उत्तर आलं.

"तो माळ्यावरचो टोप काढ रे," काकी मला म्हणाल्या.

"अहो काकी, सहाच तर आहेत."

"काढ रे तू. मागसून आणखी कोण इलो तर?"

मी स्टुलावर चढलो.