कच्चं पॅकिंग

शहागडला हायवेच्या कडेला आमचं गॅरेज आहे आणि मागच्या खोलीत संसार. नवरा मिस्तरी. इंजिनाच्या वरचं कव्हर गळायला लागलं की लोक आमच्याकडे येतात. कव्हरखाली बसवायचं विकतचं पॅकिंग दर वेळी कव्हर उघडलं की फाटतं. आमचं घरी केलेलं रबरी पॅकिंग पुन्हा पुन्हा बसवता येतं. कव्हरची कड घासून कोरडी करायची, तिच्यावर ट्यूबमधून सिलिकॉनची सारखी वळी सोडायची आणि कव्हर जिथं टेकतं तिथं इंजिनाला ग्रीस चोळायचं. कव्हर हलकं बसवून गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत उभी ठेवायची. सिलिकॉनचं रबर होतं. ते कव्हरला धरून राहतं, ग्रीसमुळं इंजिनाला चिकटत नाही. वळी सोडायचं काम माझं. मेंदीचे कोन धरून हाताला सवय होती.

एका उन्हाळ्यात सवारी वाहणारा एक जीपवाला आला. काम झाल्यावर नवऱ्यानं त्याला बजावलं, की उद्या बोल्ट आवळून देतो, तोवर चालू करू नको. आम्ही जेवायला आत गेलो तेवढ्यात त्यानं जीप काढली. अंबडच्या रस्त्याला कच्चं पॅकिंग सरकलं, तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं आणि जीप पेटली. माणसं उड्या मारून वाचली, जीपचा नुसता सांगाडा उरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दोघांना घेऊन आला. हातात टॉमी होती, चाकं खोलायची लोखंडी कांब.

"बाईच्या हातानं काम करून घेतो अन् माझी गाडी जाळतो का रे?"

नवरा म्हणाला, "थांब म्हणून सांगितलं व्हतं तुला."

पहिला फटका तोंडावर बसला. नवरा खाली पडला, ओठातून रक्ताची धार लागली. दोघांनी त्याला ओढत कामाच्या लोखंडी टेबलापाशी नेलं आणि उजवा हात त्याच्यावर दाबून धरला. जीपवाल्यानं त्या हातावर टॉमी घातली. नवऱ्याचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

माझ्या हाताला मोठा पाना लागला. मी तो जीपवाल्याच्या कोपरावर हाणला. हाड मोडलेलं मला मुठीत कळलं. तो खाली बसला, तरी मी थांबले नाही. खांद्यावर मारलं, पाठीवर मारलं. त्याचे सोबती नवऱ्याला सोडून मागं सरले. शेजारच्या चहावाल्यानं मागून कवळ घालून मला धरलं, तेव्हा मी त्याच्याही हाताला चावले.

पोलिसांनी सगळ्यांना आधी दवाखान्यात नेलं. नंतर ठाण्यात एका बाकावर जीपवाला, दुसऱ्यावर आम्ही. गळ्यात अडकवलेल्या आपल्या हाताकडं बघत तो हळूच म्हणाला, "सवारी उन्हात उभी व्हती. मीच थांबलो न्हाई." इतकं हाणूनही मला त्याची कीव आली नाही. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून प्रकरण मिटवलं.

नवऱ्याची दोन बोटं वळेनात. बारीक कामं माझ्याकडं आली, मग बोल्ट आवळायचीही. तो घरात कमी बोलू लागला, ताटावरून उठून जाऊ लागला. एकदा एका गिऱ्हाइकानं त्याच्यादेखत मला मिस्तरी म्हणून हाक मारली. तो माणूस गेल्यावर नवऱ्यानं हातातला हातोडा माझ्या दिशेनं फेकला. माझ्या कानाजवळून तो पत्र्यावर आदळला.

मी हातातलं कव्हर खाली ठेवलं. 

"अहो, आज हातोडा चुकला. पुन्हा उचलला तर मी इथं राहणार न्हाई."

 तो पाठ करून उभा राहिला. हायवेवरून ट्रक जात होते. मग तो येऊन माझ्या समोर उकिडवा बसला, डाव्या हातानं कव्हर उचललं आणि म्हणाला, "वळी सोड. मी धरतो."