शोभाताई ऑनलाईन चढली

आमच्या वाचनालयात दोन गोष्टीचे ढीग लागते. एक पेपरचा, दुसरा किश्शायचा. पेपर रद्दीवाला घेऊन जाते. किस्से कोणी नेत नाही! मंग ते माह्या डोक्यात पडून राह्यते अन् डोकं खाते. म्हणून आज काढून टाकतो.

मी चौथी पास. जिंदगी कापसाच्या जिनिंगच्या मशीनी खोलण्यात गेली. पुस्तकाशी माहं काही घेणंदेणं नाही. पुसदच्या या वाचनालयात मी रोज येतो ते फुकटात पेपर वाचाले अन् सुनेच्या टीव्हीपासून वाचाले. बाजूच्या खुर्चीवर रशीदभाई बसते. त्यानं आधी लोकायच्या स्कूटरी दुरुस्त केल्या, आता देश दुरुस्त करते. अन् काउंटरमागे शोभाताई, आमची लायब्ररीयन. तिनं चष्म्याच्या वरून पाह्यलं की आम्ही म्हातारे आलेला खोकला बी गिळून घेतो.

मागच्या साली तिच्या टेबलावर कॉम्प्युटर आला. त्याच्या मागं मागं वाचनालयाचे सेक्रेटरी साहेब आले.

"ताई, सरकारी तपासणीच्या आधी सारी पुस्तकं ऑनलाईन चढली पाह्यजे. नाहीतर तुम्ही घरी बसा. मी कॉम्प्युटरवाली पोरगी ठेवतो."

शोभाताई म्हणे, "चढवते न जी!"

साहेबाची गाडी वळली तशी ती माह्याजवळ आली. हळूच इचारलं, "काकाजी, हे चालू कुठून होते?"

मी मशीनवाला माणूस. मागं जाऊन पाह्यलं अन् सांगतलं, "ताई, आधी वायर लावा लागते."

*

वायर लावली, तर त्याले पासवर्ड पाह्यजे. ताई एक टाके, तो म्हणे कमजोर. दुसरा टाके, तरी कमजोर. रशीदभाई तापला. "अरे, हमारे सामने हमारी ताई को कमजोर बोलता है!"

मंग साऱ्या हॉलनं मिळून पासवर्ड बनवला. कोणी बैलाचं नाव सांगे, कोणी फटफटीचा नंबर. मी म्हणलं, मधात एक शिवी टाका, चोराले सुचणारच नाही. ताईनं चष्म्याच्या वरून पाह्यलं. मी पेपर वर केला.

शेवटी एक ठरला. ताईनं ताकीद देली, "हे बाहेर कोणाले सांगायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी हॉल चिडीचूप. 'शांतता राखा' लिहिलेल्या पाटीखालून ताईच ओरडली, "काकाजी, पासवर्ड काय होता हो?"

साऱ्या हॉलनं एका सुरात सांगतला. बाहेरचा पानवाला बी आमच्यासंगं म्हणत होता!

*

पासवर्ड झाला तर आणखी एक भानगड. आत जायाचं असलं की सेक्रेटरी साहेबाच्या मोबाईलवर एक आकडा येते. त्याले ओटीपी म्हणते. साहेबानं तो ताईले सांगाचा, ताईनं झटकन टाकाचा. उशीर झाला की आकडा बाद.

एक दिवस ताईनं फोन लावला, तर साहेब मोक्षधामात. कोण्या बुढ्याच्या मयतीले गेलते. तिथं रेंज नाही. साहेब लाकडाच्या ढिगावर चढले अन् तिथून जोरजोरात ओरडून आकडा सांगतला. ताईले ऐकू येईना. साहेबानं पुन्हा सांगतला. आणखी जोरात.

इकडे ताईले अर्धाच समजला. तिकडे मयतीतल्या लोकायले पूरा समजला! अर्ध्या लोकायनं जाऊन मटक्यावर तोच लावला. बुढा जाता जाता आकडा देऊन गेला म्हणे!

आकडा लागला नाही. कॉम्प्युटर खुलला नाही. मेलेल्या माणसाची मात्र फुकट बदनामी झाली.

*

टाइप करता करता ताईची बोटं दुखाले लागली. कोणीतरी अक्कल देली, माइकचं बटण दाबा, पुस्तकाचं नाव बोला, तो आपोआप लिहिते.

ताई खूश! दिवसभर बोलत गेली, तो लिहीत गेला. पण त्याले काय समजते, कोण बोलून राह्यलं ते? अन् आम्ही म्हातारे काय तोंडाले कुलूप लावून बसतो?

संध्याकाळी ताईनं यादी पाह्यली. 'शेळीपालन पंखा काहून बंद केला बे.' त्यातला पंखा माह्या तोंडचा. त्याच्या खाली 'सोपे शिवणकाम', लेखक 'चाय मंगाओ यार'. आमच्यातला एक, नायक त्याचं आडनाव, बंजाऱ्यायच्या तांड्यावरून येते. त्याचं फोनवर बायकोसंगं गोरबोलीत भांडण चालू होतं. ते सारंच्या सारं 'सुखी संसार' नावाच्या पुस्तकापुढे चढलं होतं!

ताई रडाले आली. "काकाजी, तपासणीत हे पाह्यलं तर मी गेलीच समजा."

मी म्हणलं, "राहू द्या. हे तरी लोक वाचतीन."

ताईनं दोन दिवस बसून एक-एक ओळ खोडली अन् सारं पुन्हा लिहिलं. तरी मी काही सुधरत नाही. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी देली. 'पंखा काहून बंद केला, हे पुस्तक पाह्यजे.'

ताईनं चिठ्ठी वाचली. म्हणे, "वाचनालयात नाही. लेखकाच्या घरी पाहा. सून वाचत असन."

*

मंग बंदुकीसारखं एक यंत्र आलं. पुस्तकावरच्या काळ्या रेघांवर त्याचा लाल उजेड मारला की ते 'टुक' वाजते अन् कॉम्प्युटरवर पुस्तकाचं नाव येते. ताईचा हात त्याच्यावर लवकर बसला. ती जे दिसन त्याच्यावर मारत सुटली.

रशीदभाई म्हणे, "ताई, काकाजी के माथे पे भी लकीरें हैं. मारके देखो!"

ताईनं खरंच मारला! टुक नाही, फुक नाही.

रशीदभाई म्हणे, "माल बहुत पुराना है. कंपनीच बंद हो गयी!"

*

लोकं पुस्तक नेते अन् विसरून जाते. ताई एकेकाले फोन करत बसे. आता ती सगळ्यायले एकाच वेळी मेसेज पाठवाले शिकली. लिहिलं, 'आपण नेलेले ताबडतोब परत करावे. अन्यथा नाव फलकावर लावण्यात येईल.' अन् देला पाठवून.

त्यात पुस्तक हा शब्दच नव्हता. अन् मेसेज गेला तो ताईच्या मोबाईलमधल्या साऱ्यायले! वाचक, शेजारी, दूधवाला, नणंद, जाऊ, सारे.

दुसऱ्या दिवशी काउंटरपुढे लाइन! पुस्तकं आली, ते ठीक. एकानं तर दुसऱ्याच वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक जमा केलं. शेजारीण चाळणी घेऊन आली, अन् मान खाली घालून म्हणे, "बोर्डावर नाव नका लावू बाई." दूधवाला म्हणे, "आजपासून पाणी बंद!"

सगळ्यात मागं ताईची जाऊ. हातात पितळेचा मोठा गंज, म्हणजे पातेलं. टेबलावर ठण्णकन आदळला. "हा घ्या तुमचा गंज! नाव लावते म्हणे!"

ताई गंजाकडं पाहतच राह्यली. जाऊ गेल्यावर मले म्हणे, "काकाजी, या गंजासाठी मी माह्या मोलकरणीले काढून टाकलं होतं!"

*

असं करत करत तपासणीचा दिवस आला. तपासणीवाल्या मॅडम यवतमाळवरूनच कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल लावून पाहणार होत्या. ताईनं नवं लुगडं नेसलं होतं अन् माऊस गच्च धरून ठेवला होता. मागं सेक्रेटरी साहेब उभे. कॉम्प्युटरवाल्या पोरीचा अर्ज त्यायच्या खिशात आहे, हे साऱ्या हॉलले माहीत होतं.

मॅडमनं यादी पाह्यली. हे दाखवा, ते दाखवा म्हणलं. ताई दाखवत गेली. एकाही ठिकाणी अडली नाही बरं! मंग मॅडम म्हणे, "एखाद्या ज्येष्ठ वाचकाशी बोलायचं आहे."

रशीदभाई नमाजले गेलता. साहेबानं मले खुर्चीवर बसवलं अन् कानात सांगतलं, "चांगलं बोला."

मी ठरवूनच आलतो. ताईची नोकरी वाचवाची म्हणजे खरं सांगा लागते. हात जोडले, बाजूले ताईचा माऊस 'टिक' वाजला, अन् मी सुरू झालो. "मॅडम, या बाईले कॉम्प्युटरचं काहीच येत नव्हतं! रोज रडे बिचारी! अर्ध्या पुस्तकायची नावं अजूनबी उलटी असतीन, पण तिले काढू नका! काढाचं असन तर या सेक्रेटरीले काढा! यानं आजवर एक पुस्तक नेलं नाही! याच्या राज्यात संडासाले कडी नाही, आम्ही म्हातारे आत बसून गाणे म्हणतो!"

साहेबाच्या चेहऱ्यावर रंगच राह्यला नाही. मॅडमनं कानाले हात लावला. मले वाटलं, ऐकून पस्तावली बाई. मी आवाज आणखी जोरात लावला. मधात ती काही बोलली, पण माह्या आवाजापुढे कोणाचं ऐकू येते? संडासाचं सांगता सांगता माह्या डोळ्यात खरंच पाणी आलं. अन् मी दम घ्याले थांबलो.

मॅडमनं रुमालानं डोळे पुसले. म्हणे, "बाबा, तुमचा आवाज काही येत नव्हता. पण भावना पोहोचल्या! साहेब, वाचकाला वाचनालयाबद्दल बोलताना रडू यावं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. अशा ग्रंथपालबाई जपा बरं!"

मी म्हणलं, "आवाज नाही आला? मंग पहिल्यापासून सांगतो!"

"नको!" साहेब असे ओरडले की बाहेरचा पानवाला आत आला. तोवर ताईनं नमस्कार करून मॅडमले बंद केलं होतं.

मी ताईले इचारलं, "आवाज काहून नाही गेला?"

ताईच्या आधी साहेबच बोलले. "तांत्रिक अडचण, काकाजी! तांत्रिक अडचण!" खिशातला अर्ज काढून त्यायनं त्याच्यानंच घाम पुसला.

शोभाताईनं माऊसवरचा हात आता उचलला. पानवाल्याले म्हणे, "काकाजीले एक चहा सांगजो. पेशल."