पूजेला बसलेलं चाक

आमच्या घराण्यात चिकटवण्याच्या विषयातला तज्ज्ञ मी आहे. कारण मी एका गोंद बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होतो. तिथे माझं काम लोकांच्या रजा मंजूर करण्याचं होतं, ही गोष्ट मी घराण्याला कधी फारशी समजावून सांगितली नाही. कुणाच्या लग्नातली समई मोडली, कुणाच्या चपलेचा तळ सुटला, की फोन मला यायचा. मी गंभीर आवाजात विचारायचो, "पृष्ठभाग कसला आहे?" पुढे काय होईल ते त्यांचं नशीब.

त्या वर्षी मस्कतच्या मेहुण्याने माझ्या मुलीसाठी, केतकीसाठी, रिमोटवर चालणारी गाडी पाठवली. खेळणं म्हणावं तर केतकी चिडायची. ("बाबा, ही रेसिंग कार आहे.") इंद्रलोक नावाच्या वसाहतीतल्या आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन, मग सार्वजनिक सत्यनारायण आणि मग मुलांच्या स्पर्धा असा शिरस्ता होता. त्या वर्षी रिमोटच्या गाड्यांची शर्यतही ठेवली होती. समोरच्या विंगमधल्या शहांच्या हार्दिकने लिफ्टमध्ये केतकीला सांगितलं होतं, "तेरी गाडी तो मोड़ पे ही गिर जाएगी." तेव्हापासून केतकी ना जेवताना गप्प बसायची, ना झोपताना.

आणि गाडीने हार्दिकचं ऐकलं. वेग वाढवला की मागचं एक टायर रिमवरून सुटायचं. रिम गरगर फिरायचं आणि टायर आपलं जागच्या जागी बसून राहायचं, आमच्या ऑफिसातल्या काही मंडळींसारखं.

"बाबा, हे चिकटवायला लागेल," केतकी म्हणाली. "तू करशील ना?"

बारा वर्षांच्या मुलीने इतक्या विश्वासाने विचारल्यावर कुठला बाप आपण रजा विभागात आहोत असं सांगेल? मी विचारलं, "पृष्ठभाग कसला आहे?"

पहिला प्रयोग कंपनीच्या पांढऱ्या गोंदाचा. तो लाकडासाठी असतो, पण माझी कंपनीवर निष्ठा होती. टायर रात्रभर वाळलं, सकाळी पहिल्याच वळणावर निसटलं आणि जिन्याखाली गेलं.

दुसऱ्या प्रयोगासाठी मी डोकं लढवलं. टायर ते टायर. मग पंक्चरवाल्याकडे का जाऊ नये? हायवेला काशीगावच्या नाक्यावर एक पंक्चरवाला बसायचा. त्याने ते चिमुकलं चाक तळहातावर ठेवून उलटसुलट केलं, पाण्याच्या टबात बुडवून पाहिलं आणि म्हणाला, "साहब, इसमें हवा किधर से जाती है?"

"हवा नहीं जाती. अंदर स्पंज है."

"तो पंक्चर कैसे हुआ?"

शेवटी त्याने ट्यूबला लावतात ते सोल्यूशन लावून दिलं. रबराला ते घट्ट धरून बसलं, प्लॅस्टिकच्या रिमला मात्र त्याने ओळखही दिली नाही.

सव्वीस जानेवारीच्या सकाळी झेंडावंदन उरकून मी तिसरा प्रयोग हाती घेतला. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या, करंगळीएवढ्या नळ्या मी आदल्या दिवशीच आणल्या होत्या. गाडीच्या खोक्यात एक माहितीपत्रक होतं. केतकीने ते वाचून दाखवायला सुरुवात केली.

"बाबा, यात म्हटलंय, टायर आधी साबणाने धुवा. मग कडेला अगदी थोडा गोंद सोडा. तो आपोआप आत पसरतो. आणि हातमोजे घाला."

"हे परदेशातल्या कोरड्या हवेसाठी आहे," मी म्हणालो. "इथे खाडीची दमट हवा. गोंद वाळायला वेळ लागतो. आपल्याला जास्त लागणार."

(हा गोंद दमट हवेत उलट लवकर वाळतो, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी, आणि फार जवळून.)

आता एक अडचण अशी की त्या वर्षीच्या सत्यनारायणाला यजमान म्हणून मी आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, बसणार होतो. मी सोवळं नेसून तयार होतो. पूजेचं तबकही टेबलावर सजवून ठेवलेलं. गोंद कडेने सारखा पसरवायला काहीतरी मऊ हवं होतं, आणि समोर तबकात कापसाच्या फुलवाती होत्या. मी एक उचलली, तिच्यावर गोंद ओतला आणि टायरच्या कडेने फिरवू लागलो.

कापूस आणि या गोंदाचं आपसात काय वैर आहे मला माहीत नाही. वात गरम झाली आणि तिच्यातून धूर यायला लागला. काडी नाही, ज्योत नाही, नुसता धूर.

स्वयंपाकघरातून सुनंदा म्हणाली, "अहो, धूप आत्ताच कशाला लावलात?"

मी दचकलो. दचकल्यावर माणूस हातातली वस्तू टाकतो. मी ती घट्ट धरली. नळी मुठीत फुटली, आणि सगळा गोंद टायर, रिम आणि माझा उजवा हात यांच्यामध्ये समान वाटला गेला. दोन श्वास घेईपर्यंत चाक माझ्या तळहाताचं झालं होतं.

केतकीने ओढून पाहिलं. सुनंदाने तेल लावून पाहिलं. खालून सेक्रेटरींची हाक आली, "चला, गुरुजी खोळंबलेत!" सुनंदाने माझ्या हातावर उपरणं टाकलं आणि आम्ही खाली उतरलो. मागून केतकी तीन चाकांची गाडी छातीशी धरून.

गुरुजी विरारचे, आणि पुढे आणखी दोन पूजा असलेले. "उजव्या हातात पाणी घ्या."

मी डावा पुढे केला.

"उजवा, यजमान."

मी उपरणं बाजूला केलं. गुरुजींनी चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"निघत नाही?"

"नाही."

"मग त्यावरूनच सोडा पाणी. वहिनी, यांच्या हाताला हात लावा."

"मी नाही लावणार," सुनंदा पुटपुटली.

"लावल्याशिवाय संकल्प होत नाही."

सुनंदाने दोन बोटं टेकवली, नेमकी टायरच्या कडेला. गुरुजींनी पळीभर पाणी सोडलं. आतला स्पंज भरपूर गोंद पिऊन बसला होता. पाणी पडताच त्यातला गोंद थोडा बाहेर आला आणि सुनंदाची बोटंही आमच्यात सामील झाली.

तिने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तसा लग्नानंतर पहिल्यांदाच टाकला होता.

सत्यनारायणाची कथा पाच अध्यायांची असते, आणि यजमानांना मध्येच उठता येत नाही. साधुवाण्याची नौका बुडाली, वर आली, आम्ही हातात हात घालून बसलेलो. मागच्या खुर्च्यांवरून बायकांचं बोलणं कानावर येत होतं, "किती भावनेने बसलेत बघा, हात म्हणून सोडला नाही." शहाभाईंकडे तेव्हा नवाच कॅमेऱ्याचा मोबाइल आला होता. त्यांनी फोटो काढला. आरतीचं तबक आम्ही दोन डाव्या हातांनी ओवाळलं.

प्रसाद घ्यायला आलेल्या शहाभाभींच्या, म्हणजे हार्दिकच्या आईच्या, लक्षात खरा प्रकार आला. "अरे भाभी, पहले बोलने का ना! मेरे पास नेलपॉलिश रिमूवर है." त्या धावत गेल्या आणि बाटली घेऊन आल्या. आधी सुनंदा सुटली. ती सरळ शिऱ्याकडे गेली, मागे वळूनही न पाहता. मग पाऊण बाटली माझ्यावर रिकामी झाली आणि माझा हात, थोडी कातडी मागे ठेवून, मोकळा झाला.

त्याच रिमूवरने टायरही रिमवरून सुटलं. एवढ्या खटाटोपात जे चिकटायला हवं होतं, तेवढं एकच चिकटलं नव्हतं.

कंपाउंडमध्ये शर्यतीची शिटी वाजत होती. केतकी हातात रिम आणि टायर वेगवेगळं घेऊन उभी. डोळे भरलेले, पण ती रडली नाही. मला फार वाईट वाटलं. ती रडली असती तर बरं झालं असतं.

मग ती पूजेच्या चौरंगाकडे गेली आणि गुरुजींना म्हणाली, "हा लाल-पिवळा दोरा उरलाय का?"

गुरुजींनी नाडाछडीची अख्खी गुंडी दिली. केतकीने रिमच्या भोकांतून दोरा ओवून टायरला वेढे दिले, गाठ मारली आणि चाक गाडीला बसवलं. गाडी लंगडत धावली, प्रत्येक वळणावर वाकडी झाली, पण पडली नाही. हार्दिकची पहिली आली. केतकीची तिसरी आली, गाड्या तीनच होत्या.

"बाबा, मोड़वर पडली नाही ना?" ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली. हार्दिकने येऊन चाक निरखून पाहिलं आणि "ये कौन सा ग्लू है?" असं विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा की कंपनी का नहीं है."

शहाभाईंचा तो फोटो मोठा करून बरीच वर्षं सोसायटीच्या ऑफिसात लावलेला होता. नवीन लग्न झालेल्या जोडप्यांना तो दाखवायचे.

घरात आजही काही तुटलं की केतकी पहिली हाक मलाच मारते. मी आलो की मला खुर्चीवर बसवते, एका हातात चहाचा कप देते, दुसऱ्या हातात बिस्किटाची बशी देते, आणि मग ती वस्तू आईकडून चिकटवून घेते.