बाबांच्या चष्म्यावरची काळी टेप

रविवारी सकाळी कणीक मळत होते आणि बाबांचा फोन आला. बाबा म्हणजे माझे सासरे. "मनीषा, बगिच्यात ये बरं लवकर... इथं लोकं मले जाऊ देऊन नाही राहिले."

पिठाच्याच हातांनी स्कूटी काढली. पोचले तर बाबांभोवती हा घोळका! मधोमध ट्रॅकसूट घातलेली एक मुलगी, आणि तिच्या हातात बाबांचा चष्मा...

आधी त्या चष्म्याचं सांगते. दिवाळीत नवऱ्याने हौसेने कॅमेऱ्याचा चष्मा आणला होता. काडीवरचं बटण दाबलं की समोरचं शूट होतं, आणि कोपऱ्यात एक बारका लाइट लागतो, म्हणजे समोरच्याला कळावं की शूटिंग चालू आहे. आमच्या साहेबांचे नव्याचे नऊ दिवस चारच दिवसांत संपले. मग बाबांनी त्यात आपला नंबर बसवून घेतला आणि चष्मा कायमचा ढापला.

तर त्या लाइटवर काळी टेप चिकटवलेली होती. मीही ती तेव्हाच पाहिली.

"काकू, लाइट झाकून कोणी शूटिंग करते का?" ती मुलगी म्हणाली. "आम्ही इथं समोर योगा करून राहिलो, आणि हे टेप लावून बसले. काहून लावली, सांगा ना!"

तिचं काय चुकलं होतं? माझी मुलगी असती तर तिनेही हेच विचारलं असतं. मागून एक गृहस्थ "पोलिसाले बोलवा" म्हणून हवा देत होते. आणि बाबा... खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये साहेबालाही उलट उत्तर देणारा माणूस, मान खाली घालून उभा. मला ते बघवेना.

चष्म्याचं सगळं शूटिंग बाबांच्या फोनमध्ये जातं. त्यांनी तो फोन माझ्या हातात दिला. खरं सांगते, उघडायला नको वाटत होतं. बाबांवर विश्वास होता हो... पण कॅमेऱ्याला काय, समोर येईल ते तो घेणार. नको ते काही दिसलं असतं तर बाबांनी पुन्हा या बगिच्यात पाय ठेवला नसता.

आजचा एकही व्हिडिओ नव्हता. "डिलीट केले असतील!" ते गृहस्थ पुन्हा सरसावले. पण त्या मुलीने स्क्रीनवरचा मेसेज वाचला आणि थबकली. लाइट झाकलेला असल्यामुळे रेकॉर्डिंग होणार नाही, असं तिथे इंग्रजीत लिहिलेलं होतं. काडीतल्या बारक्या स्पीकरमधून चष्मा बाबांच्या कानात हेच बोलत होता म्हणे. बाबांना वाटलं, तो 'सुरू झालं' म्हणून सांगतोय. ते आपले त्याला "हो हो" म्हणत बसले होते.

माझा जीव भांड्यात पडला... पण टेप का लावली, हा प्रश्न होताच.

म्हणून मी आदल्या दिवशीचा व्हिडिओ लावला. कडुनिंबाचं झाड, तर्री पोह्याची गाडी, आणि बाबांचा आवाज, "पाह्य गा वसंता, तर्री आजही तशीच लाल हाय." मग त्यांचा कट्टा. चार म्हातारे लाइट बघून ताठ बसलेले आणि एकेकजण हात जोडून म्हणतोय, "नमस्कार वसंतराव, आपली तब्येत कशी आहे?"

वसंतकाका बाबांचे पॉवर हाऊसमधले मित्र. दोघं रोज याच कट्ट्यावर यायचे. पॅरालिसिस झाला तेव्हापासून काका खापरखेड्याला मुलीकडे असतात, अंथरुणावर. बाबा रोज हा फेरफटका त्यांना पाठवतात, एवढं मला माहीत होतं. खाली काकांचं उत्तर होतं, जड जिभेने, तुटक तुटक बोललेलं. ते मी सगळ्यांना ऐकवलं.

"हे काय... शोकसभेत बसले का गा? मले शिव्या... द्या म्हणा."

बाबा पहिल्यांदा वर बघून बोलले. "लाइट दिसला का हे सारे सभ्य होऊन जातात. म्हणून झाकला, बेटा. तुमच्याकडं ध्यानच नव्हतं माझं."

घोळका पांगू लागला. पोलिसांना बोलवा म्हणणारे गृहस्थ कधी सटकले कळलंच नाही. ती मुलगी मात्र पटकन विरघळली नाही, आणि मला तेच आवडलं. "ते ठीक आहे काका, पण झाकायचं नाही. विचारायचं," ती म्हणाली. बाबांनी कान पकडले. मग तिने स्वतःच नखाने टेप खरवडून काढली आणि चष्मा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला.

शिवाय तिनेच कट्ट्यावरच्या चौघांना तंबी दिली, "लाइट चालू राहील. तरी शिव्या द्यायच्या!"

आधी चौघं लाजले. मग देशमुखकाका घसा खाकरून म्हणाले, "का बे वशा, खाटेवर पडून फुकटच्या पोळ्या हाणून राहिला का?" त्यापुढचं मी इथे लिहू शकत नाही... योगाच्या बायका तोंडावर ओढणी धरून हसत होत्या.

घरी येऊन पोळ्या लाटायला घेतल्या, तोवर खापरखेड्याहून उत्तर आलं. एकच शब्द. अस्सल शिवी, हीही लिहिता येणार नाही.

बाबांनी ती पुन्हा पुन्हा लावून ऐकली आणि डोळे पुसायला चष्मा काढला. आजारपणानंतर वसंतकाकांच्या तोंडून न अडखळता, स्पष्ट निघालेला तो पहिला शब्द होता.

ट्रॅकसूटवाल्या पोरी, तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं... पण तू विचारलंस, आणि उत्तर येईपर्यंत थांबलीस. त्यासाठी मनापासून थँक्यू गं.