आक्कांचा इस्तू

आमच्या आळीतल्या आक्कांनी आयुष्यात एकदाच काडी ओढली. सासूपासून वेगळ्या निघाल्या त्या दिवशी सासूने वाटणीत एक तवा, एक काठवट आणि काड्यांची एक पेटी दिली. त्यातली एक काडी ओढून आक्कांनी नवी चूल पेटवली आणि पेटी देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात ठेवून दिली. मी लग्न होऊन मिरजगावला आले तेव्हा लढाई चालू होती, आणि तेव्हाही ती पेटी कोनाड्यातच होती. चुलीत विस्तवही तोच होता. मधल्या काळात आक्कांची मुलगी जन्मली, मोठी झाली, लग्न होऊन श्रीरामपूरला नांदायला गेली. दुष्काळ येऊन गेले, एक म्हैस म्हातारी होऊन मेली. विस्तव मात्र विझला नाही.

मी गोष्टीला फोडणी फार घालते असं माझ्या माहेरचे लोक म्हणतात. म्हणू देत. ह्या गोष्टीत फोडणी आहे ती कडेकडेला. मधला घास खरा आहे.

अंगाने आक्का म्हणजे स्वतःच एक काडी. वारा सुटला की तात्या, म्हणजे आक्कांचे यजमान, त्यांना दारात उभं राहू द्यायचे नाहीत. आमच्या मोकळ्या माळावरचा वारा, बाई उडाली तर थेट सोलापुरात उतरायची. पण त्या काडीच्या टोकाचं गूल शाबूत होतं. जेवणं उरकली की आक्का निखारे एका बाजूला ओढायच्या, मध्ये अर्धी गोवरी ठेवायच्या आणि वर राख अशी पसरायच्या की तान्ह्या पोराच्या अंगावर दुपटंच घालताहेत. सकाळी राख बाजूला सारून फुंकणीने एक फुंकर. दुसरी फुंकर त्या उधळपट्टीत धरत. विस्तवाला आमच्याकडे इस्तू म्हणतात, आणि इस्तूबद्दल आक्कांचं एक वाक्य आळीत सगळ्यांना पाठ होतं : "काडी काय, वानराला शिकिवलं तरी वढंल. इस्तू राखायला घर लागतं."

एका जाळात आक्का जेवढं करून घेत तेवढं एखाद्या साखर कारखान्याच्या भट्टीतही होत नसेल. तव्यावर भाकरी चालू असताना चुलीच्या बाजूच्या तोंडावर हुलग्याचं माडगं शिजायचं. भाकरी संपल्या की त्याच धगीवर अंघोळीचं पाणी. पाणी उतरलं की राखेत वांगं. वांगं निघालं की चुलीच्या कडेला तात्यांचं ओलं धोतर. आणि धोतर वाळलं की तिथे मांजर येऊन बसायचं. मांजर उठलं, की समजायचं आता जाळ खरोखर संपला.

तात्या बिचारे चहाचे शौकीन. त्यांना सकाळी एक कप मिळायचा, गुळाचा. दुपारी त्यांनी दुसऱ्याचं नाव काढलं की आक्का तोंड वर करून विचारायच्या, "सकाळी पेलात त्यो कुटं गेला?" ह्या प्रश्नाचं उत्तर तात्यांना जन्मभर सापडलं नाही.

मी नवी नवरी, नगर शहरातून सुताराच्या घरात आलेली, सातवी पास. माझ्या माहेरी काडी संपली की दुसरी पेटी यायची. इथे लढाईमुळे पेटी म्हणजे दागिना झालेला. दुकानदार ती गल्ल्याखालून अशी काढायचा की जणू चोरीची पुतळ्यांची माळ विकतोय. रॉकेलचं तर नावच घेऊ नका. तेव्हा एका सकाळी सासूबाईंनी माझ्या हातात खापर दिलं आणि म्हणाल्या, जा, आक्कांकडून इस्तू घेऊन ये. मी गेले. आक्कांनी माझ्या खापराकडे पाहिलं, मग माझ्या दुसऱ्या हाताकडे.

"ए सुतारनी, गवरी कुटंय?"

"कसली गोवरी?"

"इस्तूची. फुकाट द्यायला म्या काय सूर्यनारायण हाय व्हय?"

मी लालबुंद होऊन घरी आले. सासूबाई हसून हसून खांबाला टेकल्या. सगळ्या आळीला ठाऊक होतं, मला सोडून : एका निखाऱ्याला एक गोवरी. मोठी, वाळलेली, कडा न मोडलेली. पुढे ओळख वाढल्यावर मी आक्कांना विचारलं, एवढ्याशा निखाऱ्याचं कसलं भाडं? तेव्हा त्या म्हणाल्या, "फुकाट न्हेल्याला इस्तू बाई वाटंत गप्पा मारत इजू देती. गवरी दिल्याली आसली म्हंजी पदराआड धरून न्हेती." आणि ते खरंच होतं. आक्कांच्या दारातून निघालेली बाई आळीत कुणाशी बोलायची नाही.

लढाईच्या वर्षांत आक्कांच्या परसात गोवऱ्यांची जी रास झाली, ती पाहून नगरहून जाणाऱ्या मिलिटरीच्या गाड्या हमरस्त्यावर थांबायच्या आणि सोल्जर लोक विचारायचे, हा किल्ला कोणाचा? बरं, किल्ला नाही, टेकडी म्हणा. आम्ही बायका आपापल्या गोवऱ्या त्या राशीत ओळखायचो, कारण थापताना प्रत्येकीचा हात उमटलेला असतो. माझ्या सासूबाईंचा पंजा फावड्यासारखा, शेजारच्या सोनारणीची करंगळी वाकडी. कुणी विचारलं, आक्का, एवढ्या गोवऱ्यांचं करायचं काय, तर त्या म्हणायच्या, "लागत्यात. कवातरी समद्या येकदमच लागत्यात."

ह्या आक्का एकदा चक्क इस्तूवर बसून प्रवासाला गेल्या. श्रीरामपूरची लेक दुसऱ्या खेपेला बाळंत व्हायची होती आणि आक्कांना जाणं भाग होतं. त्या दिवसांत पेट्रोल नव्हतं; सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे हा एवढा बंब, त्यात कोळसा पेटवायचा, मग गाडी खोकत खोकत निघायची. नेमका आमच्या स्टँडवर बंब विझला. डायवरजवळ काडी नव्हती, गावात कुणी देईना. कुणीतरी त्याला आक्कांचं घर दाखवलं. आक्का बोचकं बांधून तयारच होत्या. त्यांनी खापरभर निखारे दिले आणि हात पुढे केला.

"गवरी?"

"आगं म्हातारे, मोटारीत गवरी कुटनं आनू?"

"मंग ऱ्हाऊ दे. माज्या इस्तूवर गाडी चालनार, तवा तिकीट कुनी कुनाला द्याचं ते तूच सांग."

आक्का नगरपर्यंत फुकट गेल्या, त्याही डायवरच्या शेजारी बसून. वाटेत बंबात कोळसा जास्त घालतो म्हणून त्यांनी त्याला असं फैलावर घेतलं की त्याने पुढे बिडी ओढणं सोडलं म्हणतात.

जाण्याआधी त्यांनी तात्यांना चुलीसमोर बसवून इस्तू कसा झाकायचा, कसा उघडायचा, ते पढवलं होतं. "आन् गवरीबिगर कुनाला द्यायचा न्हाई. ह्या सुतारनीलाबी न्हाई." तात्यांनी मान डोलावली. त्यांचं मन तोवर चहाकडे लागलं होतं.

पहिले काही दिवस तात्यांनी इमानाने काढले. मग एका दुपारी त्यांनी चहा ठेवला. एक कप नाही. पातेलंभर, आणि नुसत्या दुधाचा. दूध तापत आलं तेव्हा लक्षात आलं की गूळ हवा. गूळ आक्कांनी तात्यांच्याच भीतीने उतरंडीतल्या कुठल्या मडक्यात दडवला होता, ते आक्कांना आणि देवाला ठाऊक. तात्या एकेक मडकं उतरवून हात घालू लागले. हुलगे लागले, मीठ लागलं, मिरच्या लागल्या. तेवढ्यात मागे दूध उठलं. तात्या धावले, उघड्या हाताने पातेलं धरलं, भाजलं, सोडलं. पातेलंभर दूध चुलीच्या पोटात गेलं. फुस्स.

तात्या माझ्या दारात आले ते पांढरेफटक. "पोरी," म्हणाले, "म्या आक्काला मारलं."

माझ्या हातातलं सूप पडलं. "अहो, आक्का तर श्रीरामपूरला!"

"तिथं हाय. हितं इजली."

जाऊन पाहिलं तर चुलीत तळं साचलेलं आणि मांजर ते चाटतंय. सगळ्या आळीत सुखी जीव तेवढा एकच. मी म्हटलं, कोनाड्यात पेटी आहे की, ओढा एक काडी. कोण मोजायला बसलंय?

"मोजीत न्हाई ती. कानापाशी हलीवती आन् वळखती." मग तात्या तिथेच चुलीशी बसले. त्यांचा आवाज खाली आला. "काडीचं न्हाई गं पोरी. जमिनीचा हा एवढा तुकडा, अंगावर सोन्याचा डाग न्हाई, पोटाला ल्योक न्हाई. आपली म्हनून सांगायला तिच्यापाशी ही येकच गोष्ट. ती म्या दुधात बुडिवली."

मला हसू येत होतं ते गळ्यातच राहिलं. मग एकदम सुचलं. "तात्या, माझ्या चुलीत आत्ता जळतोय तो इस्तू कुणाचा? सकाळी तुमच्याकडूनच नेला ना? गोवरी घेतलीत माझ्याकडून!"

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी न्यायाधीश आहे आणि फाशी रद्द केली आहे. मी धावत जाऊन खापर भरून आणलं. तात्यांनी ओली राख काढली, आणि खुणा दिसू नयेत म्हणून जन्मात पहिल्यांदा चूल सारवली. ती इतकी वेडीवाकडी सारवली, की वाटावं म्हैस लोळून गेली. आम्ही दोघांनी शपथा घेतल्या. सासूबाईंनाही मी सांगितलं नाही, आणि माझ्या बाबतीत हा पराक्रमच आहे.

आक्का परत आल्या. नात झाली होती. मी काही निमित्त काढून दारात उभीच होते. आक्कांनी पाय धुतले आणि थेट चुलीकडे पाहिलं.

"चूल कुनी सारीवली?"

"म्या," तात्या म्हणाले.

"का?"

"हौस."

आक्का खाली बसल्या. राख सारली, एक फुंकर घातली. इस्तू लाल झाला. मग चिमट्याने त्यांनी कडेचा एक विझलेला कोळसा उचलला आणि डोळ्यांपुढे धरला. आक्का उठल्या, परसात गेल्या, राशीतली मोठी, खणखणीत वाळलेली गोवरी घेऊन आल्या आणि माझ्या हातात ठेवली.

"आक्का, हे काय?"

"तुजं भाडं. बाभळीचा कोळसा सुताराबिगर ह्या आळीत कुनाच्या चुलीत असतो?"

"आगं, इजला म्हंजी..." तात्या सुरू झाले.

"इजला न्हाई," आक्का म्हणाल्या. "म्या लेकीकडं गेल्ते. त्योबी त्याच्या लेकीकडं गेल्ता. आलो दोघं माघारी." आणि तात्यांकडे वळून, "दूध किती सांडलं?"

लढाई संपली. स्वातंत्र्य आलं. दुकानांत काड्यांच्या पेट्या पुन्हा दिसू लागल्या आणि आळीतल्या बायका सकाळी आक्कांकडे येईनाशा झाल्या. "समद्या सावकारनी झाल्या," आक्का म्हणायच्या, पण खापराची चाहूल लागल्यासारख्या दाराकडे बघायच्या. मी जात राहिले. घरात पेटी असायची, तरी जायची. गोवरी घेऊन.

मग एका थंडीत त्यांना ताप भरला, आणि तो त्यांना घेऊनच उतरला. आमच्या कोरड्या मुलखात सरणाला लाकूड कुठून आणायचं? परसातली रास बैलगाडीत भरली. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि गोवऱ्या ओळखीच्या निघत होत्या. हा फावड्यासारखा पंजा, ही वाकडी करंगळी, ही माझी. बायकांनी स्मशानात जायचं नसतं. आमचे हात गेले.

तात्यांनी चुलीतला सगळा इस्तू मडक्यात घेतला आणि पुढे चालले. आमचे हे सांगत होते, तिकडे वाऱ्याने सरण धरेना, नुसता धूर होत राहिला. कुणीतरी खिशातून पेटी काढली. तात्या म्हणाले, "ती आत ठेव बाबा. तिनं बघितलं तर उठून बसंल." मग ते वाकून फुंकत राहिले, आणि सरण पेटलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर मी खापर घेऊन त्यांच्याकडे गेले. तात्या गार चुलीसमोर बसले होते. कोनाड्यात पेटी तशीच होती. मी माझ्या चुलीतला निखारा ठेवला. तात्यांनी फुंकर घातली, मग दुसरी, तिसरी, चौथी. आक्कांच्या घरात एवढी उधळपट्टी कधी झाली नव्हती. इस्तू धरला तसे ते उठले आणि दारामागून एक गोवरी काढून त्यांनी माझ्यापुढे केली.

"सगळ्या गेल्या होत्या ना, तात्या?"

"योक मागं ठिवली हुती. तू येनार, ठाव हुतं."

मी गोवरी पालथी केली. तिच्यावर पाच बोटं उमटली होती. काडीसारखी बारीक.

"नुसती जपून ठिवू नगंस," तात्या म्हणाले. "वाया घालीवली म्हनंल."

संध्याकाळी मी त्या गोवरीवर भाकरी भाजल्या. उरलेल्या धगीवर पाणी तापवलं. राखेत वांगं घातलं. मग आमचं मांजर येऊन चुलीच्या कडेला बसलं, आणि ते उठेपर्यंत मी तिथून हलले नाही.