गालाचा हलका राखाडी

राजापेठेत माझा फोटो स्टुडिओ होता. आयुष्यभर मी लोकांना 'जरा हसा' म्हणत आलो, पण माझ्या आईचा मी काढलेला एकही फोटो नाही. तिला लहानपणी देवी आल्या होत्या आणि त्यांचे वण दोन्ही गालांवर राहिले होते. मी कॅमेरा उचलला की तिचा पदर नाकापर्यंत यायचा. दारात परकं माणूस आलं तरी तेच. मीही हट्ट केला नाही. पुढच्या खेपेला काढू, असं म्हणत राहिलो आणि ती गेली.

मागे राहिला एकच फोटो. आई आणि बाबा अकोटच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते, तेव्हा ओळखपत्रासाठी काढलेला, पोस्टाच्या तिकिटाएवढा, काळा-पांढरा. त्यात पदर डोक्यावर मागे सारलेला आहे. फोटो काढणाऱ्याने तिला दटावलं असणार. त्या अनोळखी माणसाचे मी आजही मनातल्या मनात आभार मानतो.

ती गेल्यावर काही महिन्यांनी मी अकोटला गेलो, तर बाबा तो चिमुकला फोटो खिडकीशी धरून बसले होते.

"मले तुह्या मायचं तोंड आठवून नाही राह्यलं," ते म्हणाले. "आवाज येते, तोंड येत नाही. हा फोटो लई बारीक आहे. मोठा करून दे."

बाबा घाबरले होते. जिनिंगच्या गोंगाटात उभा जन्म काढलेला माणूस, त्यांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मी ऐटीत म्हटलं, "आठ दिवसांत आणतो." मुलगा फोटोवाला असून एवढंही जमू नये का!

नाही जमलं. ते दिवसच वाईट होते. बुडालेल्या कापसाने वऱ्हाडाचं कंबरडं मोडलं होतं, लग्नं पुढे ढकलली जात होती आणि झालीच तर अल्बमला फाटा दिला जात होता. डार्करूम मी केव्हाच मोडली होती आणि शाईचा प्रिंटर घेतला होता. रंगीत फोटो तो बरे काढायचा. काळा-पांढरा म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. तीन रंग मिसळून राखाडी करायला जायचा आणि माणूस हिरवट दिसायचा. नुसती काळी शाई वापर म्हटलं, तर गालासारख्या उजळ जागी काळे ठिपके शिंपडायचा.

तसा ठिपक्यांचा पहिला प्रिंट बाबांनी हातात घेतला. "हे काय, तोंडावर राख उडाली का?" खरंच, देवीचे वण कोणते आणि प्रिंटरचे ठिपके कोणते, काही कळत नव्हतं.

मग मी शहाणपणा पाजळला. ठिपके पडूच नयेत म्हणून संगणकावर गाल उजळत उजळत पांढराफेक करून टाकला. ठिपके गेले आणि त्यांच्याबरोबर वणही गेले. साबणाच्या जाहिरातीत शोभावा असा गाल. बाबांनी तो प्रिंट बराच वेळ पाहिला आणि मला परत दिला. "कोनाची बायको आहे हे?"

रागच आला मला. प्रिंटरचा, बाबांचा आणि सगळ्यात जास्त माझा. तणतणत स्टँडवर आलो तर एसटी नुकतीच गेली होती. जवळच एक म्हातारे रंगारी चाचा दुकान थाटून बसायचे. बायका साडीचा तुकडा घेऊन यायच्या आणि चाचा त्या साडीला जुळेल असं अस्तर रंगवून द्यायचे. लग्नसराई नसल्याने त्यांच्याही पातेल्याखालची चूल थंड होती. मी त्यांच्या बाकड्यावर टेकलो आणि कोणाजवळ तरी बोलायचं म्हणून दोन्ही प्रिंट त्यांना दाखवले.

चाचांनी ठिपक्यांचा प्रिंट उचलला, दारात उजेडाला नेला आणि गालावर नख ठेवलं. "रंग घट्ट आहे, भाऊ. घट्ट रंग थोडा थोडा शिंपडला म्हनजे हलका नाही होत. हलका पायजे तर पानी घाला त्याच्यात."

एवढंच. त्यांनी तीन डब्यांत एकच काळा रंग तीन तऱ्हांनी पातळ केला आणि चिंधीची तीन टोकं बुडवून मला दाखवली. गडद, मध्यम, हलका. एकाही टोकावर ठिपका नव्हता. वीस वर्षं या धंद्यात काढून हे मला सुचलं नव्हतं. लाज वाटली आणि हसूही आलं.

घरी येऊन मी पडून असलेल्या एका जुन्या प्रिंटरच्या रंगीत शायांच्या तिन्ही टाक्या धुतल्या. सिरिंजने त्यांत पातळ केलेली काळी शाई भरली. एकीत निम्म्याने पातळ, दुसरीत त्याहून, तिसरीत तर नुसतं धुवण. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणि शाई पसरू नये म्हणून ग्लिसरीनचे थेंब. संगणकावर फोटोचे थर पाडले, म्हणजे केस मूळ काळ्या शाईतून उतरावेत आणि गाल त्या धुवणातून. पहिले प्रिंट ओघळले. पुढचे मला फार काळे वाटले, म्हणून शाई आणखी पातळ केली, तर वाळल्यावर चेहरा पार फिका पडला. दर रविवारी मी अकोटच्या एसटीत बसायचो आणि चाचांपुढे प्रिंट मांडायचो. ते दारात उभे राहून पाहायचे.

"वला रंग पाहून घाई करता तुमी. वला रंग खोटं बोलते. सुकू द्या, मंग पाहा."

सुकू दिला. पावसाळा संपता संपता एक प्रिंट असा आला की भिंग लावूनही ठिपका सापडेना. गालाची उजळ गोलाई कानापर्यंत हळूहळू सावलीत गेली होती आणि त्या गोलाईवर एकेक वण आपापल्या जागी होता. स्टुडिओचं शटर अर्धं ओढून मी रडलो.

त्या रविवारी मी चाचांना सोबत चला म्हटलं. मी आधी आत गेलो आणि फोटो बाबांच्या हातात दिला. ते खिडकीशी गेले. एका वणावरून दुसऱ्या वणावर त्यांचं बोट फिरत राहिलं. "आली," ते म्हणाले. "आली रे."

इतक्यात दारात चाचा खाकरले. बाबांनी परका आवाज ऐकला आणि खांद्यावरचा दुपट्टा झटकन फोटोवर ओढला, थेट नाकापर्यंत. चाचांनी तो गाल निदान पंधरा वेळा तपासला होता, पण रंग म्हणून. आता ते मान खाली घालून उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"बाबा, याच चाचांनी शाई पातळ करायला शिकवली," मी म्हटलं.

 बाबांनी स्वतःच्या हाताने दुपट्टा मागे सारला. "या आत. तुमच्यापासून काय लपवाचं आता."

चाचा आत आले. गालाकडे त्यांनी पाहिलंच नाही. डोळ्यांकडे पाहिलं, हात छातीशी नेला आणि म्हणाले, "सलाम, भाभी."